सासऱ्यांच्या नावाची गल्ली

"हॅलो? … कोण? … थांबा हं, हात कणकेचे आहेत, खांद्यात धरते… हां, बोला. … अगंबाई, एजे! इतक्या सकाळी? … बरी आहे मी. तुमचा गुडघा? … हं. … हं. … मग त्या डॉक्टरला म्हणावं, नववा मजला तू चढून दाखव आधी. … आपा? बऱ्या आहेत. आत्ताच दही खाल्लं. … नाही, सांडलं नाही. … कूस बदलली, हो. … पाठही बघितली, लाल नाही, काही नाही. … हो, हो… अहो, रोज बघते ना मी."

एजे म्हणजे अनिपाच्या नवऱ्याची थोरली बहीण, बुरुलचा. राहायला लांब राजधानीत, बिश्केकला, पण तिची नजर इथं नारिनच्या घरावर, चुलीवरच्या दुधावर असते तशी. एजेचा फोन संध्याकाळी आला तर तो चौकशीचा. सकाळी आला तर समजायचं, एक तर कुणी गेलं, नाहीतर कुणाचं काही चुकलं. कुणी गेलेलं नव्हतं. अनिपानं एका हातानं परातीवर फडकं ओढलं आणि ती स्टुलावर बसली. पलंगावर, उशांना टेकून, सासूबाईंनी डोळे तिच्याकडे वळवले. घरातली सगळी त्यांना आपाच म्हणत.

"… कुणी सांगितलं? … कुलिपानं? म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागलेली कुलिपा? शुक्रवारी इथं बसून तळलेल्या कणकेचे गरम गरम बोरसोक खाल्ले, वर नातवंडांना म्हणून रुमालात बांधून नेले, ती? … नाही हो, खाल्लेलं काढत नाही मी. खाऊ दे की. पण माझेच बोरसोक, आणि तोंडी लावायला माझीच चहाडी? … बरं. बरं, काय म्हणाली ती? … हं. … 'भरल्या घरात'? तिघीजणी होत्या, एजे. … 'किंचाळली'? … किंचाळले नाही. माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये घडलेला आहे तो. मोठ्यानं बोलले. … हो. … हो, घेतलं. … तुमच्या वडिलांचं नाव घेतलं मी. … आणि कुलिपानं तेवढं तरी नीट सांगायचं होतं. एकदा नाही, तीनदा घेतलं."

पलीकडून बिश्केकच्या त्या नवव्या मजल्यावरच्या फ्रिजची घरघर अनिपाला इथं ऐकू आली.

या घरात सून म्हणून पाऊल ठेवल्यापासून अनिपानं सासऱ्यांचं नाव ओठांवर आणलं नव्हतं. नवऱ्याकडच्या वडीलधाऱ्यांची नावं सुनेनं घ्यायची नसतात. त्यांच्यासाठी दुसरं काहीतरी शोधायचं असतं, आणि मग आयुष्यभर ते शोधलेलं नाव खऱ्यासारखं वापरायचं असतं. थोरले दीर ते 'उंच दादा', नणंद नुसती एजे, आणि सासरे 'थोरले बाबा'. थोरले बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, तरी अनिपाच्या तोंडात ते थोरले बाबाच राहिले. ते जिवंत असते तर एक वेळ रागावून मोकळे झाले असते. गेलेल्या माणसाचा मान राखायचा म्हणजे फार काळजी घ्यावी लागते.

अडचण एवढीच झाली, की गावानं कधीकाळी सासऱ्यांचंच नाव असलेल्या दुसऱ्या कुणा झानबोलोतच्या नावानं नदीपलीकडच्या एका गल्लीला नाव दिलं होतं. आणि अनिपाचं काम होतं घरबसल्या टॅक्सी पाठवण्याचं.

"एजे? … आहात ना? … रडताय का? … नाही ना? मग बोला. … हो, शुक्रवारच होता. … हो, तळणीच्या तेलाचा वास गेलेल्यांना पोचतो म्हणून त्यांच्यासाठीच काढत होते, दर शुक्रवारी काढते. कढईत बोरसोक, कुलिपा नि तिची विहीण ओंजळ धरून दुआ मागायच्या बेतात… हो, त्याच वेळी. … त्याच वेळी फोन आला, मी काय करू? फोनला कुठं कळतं दुआ चाललीय म्हणून? … अहो ऐका ना! … एजे, तुम्ही आधी ऐका. कुलिपानं तुम्हाला शेपूट सांगितलं, डोकं मी सांगते.

"आयझान नावाची पोरगी. नदीपलीकडं राहते, दिवस भरलेले. नवरा रशियात. तिचा फोन. … केला होता, दवाखान्यात आधीच केला होता, त्यांची गाडी वरच्या वस्तीवर बर्फात रुतलेली. … घरी कोण असणार? एक लहान पोर, त्याला मोजाही घालता येत नाही. तर मी म्हटलं, बाळा, दार उघडं ठेव, गाडी आलीच समज. जवळ कोण होता, तर ओरोझ. नवा आहे. ओशकडचा. त्याला आपल्या गावातला बाजार आणि बसस्टँड सोडून काही माहीत नाही. त्याला म्हटलं, थोरल्या बाबांच्या गल्लीत जा. … मग काय म्हणणार होते? आजवर तसंच म्हणत आलेय! आमचे जुने सगळे ड्रायव्हर बरोबर जातात. ते आता एकमेकांतही तिला थोरल्या बाबांचीच गल्ली म्हणतात. … हो, हसा तुम्ही. … नाही हसलात? मला वाटलं हसलात.

"ओरोझ म्हणतो, मावशी, नकाशात अशी गल्लीच नाही. मी म्हटलं, पुलापलीकडं, गिरणीच्या मागं, निळं फाटक. तो म्हणतो, मावशी, इथं सगळी फाटकं पांढरी आहेत. … बर्फ हो, एजे! गुडघाभर पडलेलं. … म्हणतो, नाव सांगा, नाव टाकतो नकाशात. मी म्हटलं, त्या म्हाताऱ्या सुताराच्या घरावरून… तो म्हणतो, मावशी, नाव! मी म्हटलं… मी म्हटलं, अरे, तीच रे ती…"

इथं अनिपा अडली. पुढचं तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं. अंगठ्याला चिकटलेली कणीक ती खरवडत राहिली.

त्या शुक्रवारी तिच्या एका कानाला ओरोझ होता आणि दुसऱ्या कानाला आयझान, आणि आयझाननं बोलणं सोडून नुसतं कण्हायला सुरुवात केली होती. अनिपा तोंड उघडायची, आणि तोंडातून परत 'थोरले बाबा' बाहेर पडायचं. तिला ते नाव येत नव्हतं असं नाही. पण इतकी वर्षं एखादं दार बंद ठेवलं, की ते उघडायला गेल्यावर हात तिकडं वळतच नाही. आणि तेव्हा पलंगावरून आवाज आला. झटका आल्यापासून आपांच्या तोंडून अर्धे शब्द यायचे, 'पाणी'चं 'पा', 'खिडकी'चं 'खि'. पण हा शब्द अख्खा आला. उजवा हात गादीवर आपटून आपा ओरडल्या, "झानबोलोत!" आपल्याच नवऱ्याचं नाव. लग्न होऊन त्या घोड्यावर बसून इथं आल्या तेव्हापासून जे त्यांनी एकदाही घेतलं नव्हतं. त्याच्या मयतावरही नाही. मागून अनिपानं ते उचललं आणि फोनमध्ये तीनदा सांगितलं, एकापेक्षा एक मोठ्यानं. आतल्या खोलीत ओंजळ धरून बसलेल्या कुलिपाला आपांचा बसका आवाज नाही, अनिपाचाच तेवढा ऐकू गेला.

"… हां, आहे, आहे मी. … काही नाही, घसा सुकला. … तर घेतलं नाव. एवढंच. मी घेतलं. दोष द्यायचा तर मला द्या."

आपांनी डोळे बारीक केले. अनिपानं त्यांच्याकडं पाठ केली.

"… काय करू? … परत करू? कुणाला परत करू? … कंपनीला? फोन? … आजच? … नाही. … नाही, एजे. … अहो, ऐकू आलं मला. पुन्हा सांगितलंत तरी उत्तर तेच आहे. … मी ओरडत नाहीये. … लोक काय म्हणतात? … 'टॅक्सीवाली'? म्हणू देत. टॅक्सीवालीच आहे मी. गावातल्या अर्ध्या लोकांना मीच बाजारात पोचवते. … कसले परपुरुष? एजे, तुम्ही त्या ड्रायव्हरांना बघितलंय का? त्यातला एक बायको रुसली की मला विचारतो, मावशी, आता काय नेऊ घरी? दुसऱ्याला रोज आठवण करावी लागते, गोळी घेतलीस का म्हणून. परपुरुष कसले, मला पाच पोरं जास्तीची झालीत. …

"… थांबा, थांबा, एजे, मिनिटभर. दुसरा वाजतोय. … थांबा हो! … हॅलो, कारलिगाच टॅक्सी. बोला आजोबा. … हो, ओळखला ना आवाज. हमामला? आज? … बरं, टॉवेल घ्या आठवणीनं, मागच्या वेळी गाडी परत फिरवावी लागली होती. … पाठवते. फाटकाशी येऊन थांबू नका, थंडी आहे, भोंगा वाजवेल तो. … हां, मिर्लान, आजोबांना घे रे, हमाम. हळू चालव, बर्फ झालाय रस्त्याचा. … हां, एजे, बोला. … बघितलंत ना? एवढंच असतं काम. यात घराण्याचं काय बुडालं?"

कारलिगाच म्हणजे पाकोळी. कंपनीला ऑफिस असं नव्हतंच. गाड्या रस्त्यावर आणि गाड्या पाठवणाऱ्या बायका आपापल्या स्वयंपाकघरात. सगळ्या साठीच्या आगेमागे, आणि प्रत्येकीच्या घरात कुणीतरी अंथरुणावर, नाहीतर रांगणारं. वेळ जिची तिनं ठरवायची. अनिपा आदल्या संध्याकाळी कळवायची, उद्या आपांची आंघोळ आहे, दहानंतर घेते. नाहीतर, आज त्यांचा डोळा लागलाय, आत्ताच घेते. तेवढ्या वेळापुरते गावाचे फोन तिच्या ओट्यावर वाजायचे. नारिन नदीच्या काठानं ताणलेल्या दोरीसारखं लांबच लांब पसरलेलं गाव आहे. या टोकाच्या माणसाला त्या टोकाला जायचं तर पायी दिवस मोडतो. म्हणून फोन थांबायचे नाहीत.

"… काय म्हणालात? … परत म्हणा. … आबाळ? … आपांची?"

अनिपा उठून उभी राहिली. स्टूल मागं कलंडलं.

"एजे, बाकी काय वाटेल ते बोला. टॅक्सीवाली म्हणा, निर्लज्ज म्हणा, सुनेच्या जातीला कलंक म्हणा. पण तो शब्द परत काढू नका. … नाही, आता मी बोलते. … झटका आला तेव्हा तुम्ही आलात, आठवडाभर राहिलात, रडलात, गेलात. मी काही म्हटलं का? नाही म्हटलं. तुमचा गुडघा आहे, घर आहे. धाकट्याची बायको मी, आईबापांचं मीच करायचं, मला मान्य आहे. मी करतेय. त्यांची नखं मी कापते. रात्री त्या 'पा' म्हणाल्या तर पाणी हवंय की पाय दुखतोय ते मला त्यांच्या भिवईवरून कळतं. … हो, हो, तुम्हालाही कळेल, मला शंका नाही. …

"पण चार वर्षं मी काय बघत होते माहितेय? ही भिंत. आणि आपा ती भिंत. दोघी दोन भिंतींकडं बघत बसायचो. संध्याकाळी तुमचा भाऊ घरी आला की विचारायचा, काय नवीन? काय नवीन असणार? एक माशी आली होती, ती गेली. … तुम्ही हसू नका, मी गमतीनं सांगत नाहीये. एक्स्चेंजमध्ये होते तेव्हा सगळा जिल्हा माझ्या कानातून जायचा, एजे. नंतर नुसती घड्याळाची टिकटिक. दोन-तीन ठिकाणी काम विचारून आले. वय ऐकलं की हसायचे, घरात अंथरुणावर माणूस आहे म्हटलं की हसायचेही बंद व्हायचे. … मग हे मिळालं. घरातून. माझ्या वेळेनं. कुणाच्या पाया न पडता. …

"आणि आपांचं सांगू का? तुम्हाला वाटतं, त्यांना त्रास होतो. अहो, फोन मोठ्या आवाजावर नाही लावला तर रुसतात त्या! कोण कुठं निघालंय, सगळं लागतं त्यांना. परवा एका बाईनं दोनदा बसस्टँडला गाडी मागवली, तर आपांनी मला भुवयांनी खुणावलं, ही पळून जाणार. आणि खरंच हो, पेटी होती म्हणे बरोबर! … कोण होती ते नाही सांगणार. … नाही म्हणजे नाही, कामातलं बाहेर जात नाही. … कुलिपाला तर मुळीच नाही. … चार वर्षं ज्या बाईला सकाळ झालेली कळत नव्हती, ती आता दहा वाजायच्या आत केस विंचरून मागते. कामावर जायचं असल्यासारखं. याला तुम्ही आबाळ म्हणता?"

अनिपाला धाप लागली होती. तिनं एजेला इतकं सलग कधीच ऐकवलं नव्हतं. सून एजेसमोर बोलते ती चहा ओतताना, तेही चहापुरतंच. आता पलीकडून जे आलं ते सावकाश आलं, एकेक शब्द सुटा करून, आणि ते ऐकताना अनिपा खाली बसली.

"… नेता? … कुठं नेता? … बिश्केकला? … रविवारी. … हं. … व्हॅन ठरवली पण? … उंच दादा काय म्हणाले? … हं. … म्हणजे तुमचं सगळं ठरलंय. मला फक्त कळवताय. … तुमच्या भावाला विचारलंत? … 'तुम्ही दोघी बघून घ्या' म्हणाला ना? मला वाटलंच. गुरं व्याली की तिकडं गोठ्यात जाऊन झोपतो, आणि इकडं आई चालली तरी तेच. … नाही, त्याला काही म्हणत नाही मी.

"एजे, नववा मजला आहे तुमचा. … लिफ्ट आहे, कबूल. पण खिडकीतून काय दिसतं? … समोरच्या इमारतीचा नववा मजला. मग? … मी फोन सोडला तर नेणार नाही? … असं आहे तर. … म्हणजे आई ही माझ्या नरड्यावर ठेवायची सुरी झाली का हो? … नाही, शब्द वाईट आहे. पण करताय ते तेच आहे."

एजेचा आवाज असा, की फोन मोठ्यावर न लावताही खोलीभर जायचा. आपांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी उजवा हात वर केला. पाच बोटं उघडली, मिटली. द्या इकडं.

"… एजे, आपा फोन मागतायत. … नाही, मी शिकवलं नाही. … झोपल्या नाहीत, सांगितलं ना, जाग्या आहेत. … तुम्हीच म्हणत होतात ना, आईला केवढं लागलं असेल? विचारा मग त्यांनाच. … धरते कानाशी. … आपा, राहू द्या हो. राहू द्या, मी सांभाळते ना. … आपा…"

पण आपांनी तिचं मनगट पकडलं, कणकेसकट. झटक्यानंतर त्या एका हातात दोन हातांचा जोर आला होता. अनिपानं फोन त्यांच्या कानाला लावला. पलीकडून एजे बरंच काही बोलत होती, 'आई गं, आई गं' एवढंच अनिपाला ऐकू येत होतं, लहान मुलीसारखं. आपा ऐकत राहिल्या. मग त्यांनी ओठ जुळवले, सोडले, परत जुळवले.

"झानबोलोत," आपा म्हणाल्या. मग छातीवर बोट ठेवून, जणू एजेला ते दिसत होतं, "मी. … मी, आधी."

आणि फोन अनिपाच्या हातात परत दिला, चहा पिऊन झाल्यावर वाटी परत द्यावी तसा.

"… एजे? … एजे, ऐकताय? … हो. … हो, त्यांनीच. पलंगावरून. … अख्खं नाव, हो. मला ते वळतच नव्हतं जिभेवर. त्यांनी वाट करून दिली. … नाही सांगितलं. का सांगू? मी तीनदा घेतलं ते खरंच आहे ना? … हो. … माहीत आहे मला. त्यांनी मयतावरसुद्धा नाही घेतलं. मी शेजारीच बसले होते. … हं. … हं. … रडा, रडा. मी आहे इथं."

अनिपानं कलंडलेलं स्टूल पायानं सरळ केलं. चुलीवर दूध वर येत होतं, ते उतरवलं. मग एजेनं अगदीच वेगळं काहीतरी विचारलं.

"… हां? … कोण, आयझान? … पोचली ना. ओरोझनं नाव टाकलं, आणि दुसऱ्या मिनिटाला तिच्या दारात. दवाखान्याच्या पायऱ्यांवरून आत नेली आणि झालंच. … मुलगी. … हो, दोघी बऱ्या आहेत. थोरलं पोर ओरोझच्याच गाडीत झोपलं होतं संध्याकाळपर्यंत. … केस? भरपूर केस आहेत म्हणे, काळे कुळकुळीत. … हो ना. … हो ना, एजे. …"

अनिपाला वाटलं, झालं. मिटलं. तिनं परातीवरचं फडकं काढायला हातही घातला. पण एजे ती एजेच. ती नाक पुसून परत उभी राहिली होती.

"… काय? … 'तरीपण'? तरीपण काय? … मीच त्यांना या थराला आणलं? माझ्या त्या फोननं? … एजे, काय बोलताय तुम्ही? एक बाई आपल्या नवऱ्याचं नाव घेते, एका पोरीसाठी, आणि तुम्हाला तो थर वाटतो? … आपा तशा नव्हत्या. बरोबर. आधी नव्हत्या. … नाही. … नाही, आता तुमच्यासाठी मी परत थोरले बाबा थोरले बाबा करत बसणार नाही. म्हणजे घरात करेन. त्यांच्या फोटोपुढं, शुक्रवारी, मान खाली घालून करेन, त्यात काही कमी पडायचं नाही. पण कामावर असताना गल्लीला गल्लीचंच नाव असेल. आणि काम मी सोडणार नाही. … आज नाही, रविवारी नाही, तुम्ही कुणालाही घेऊन आलात तरी नाही. …

"… या ना. घर तुमचंच आहे. मांस शिजवते, नूडल्स लाटते, तुम्हाला आवडतात तशा बारीक कापते. … उंच दादांनाही आणा. त्यांच्यासमोर हेच सांगेन, याच आवाजात. … फक्त दहा ते एक मी कामावर असते, तेवढा वेळ चहा तुमचा तुम्ही ओतून घ्या. … हो, मी असं म्हणाले. पाहुण्यांना. … आणि व्हॅन आणायची तर आणा. येताना त्यातून आरामात या, गुडघा लांब करून. पण परत जाताना तिच्यात तुम्हीच बसाल. आपा नाहीत. … विचारा की त्यांना. विचारलंत का आजवर एकदा तरी? … आत्ता विचारते, थांबा. आपा, बिश्केकला जायचं?"

आपांनी खिडकीकडं बघितलं, पांढऱ्याफेक रस्त्याकडं, मग ओट्यावरच्या दुसऱ्या फोनकडं. मान हलवली नाही. नुसती जीभ टाळ्याला लावून 'च्' केलं, बकरी हाकलताना करतात तसं.

"… ऐकलंत? … नाही, फोनमध्ये बिघाड नाही, तो त्यांचा आवाज होता. … एजे, तुम्ही त्यांच्या लेक आहात, तुम्हाला त्याचा अर्थ माहीत आहे. …

"… अहो… ऐका… दुसरा फोन वाजतोय. … नाही, तो थांबणार नाही. बाहेर वजा वीस आहे, कुणीतरी उभं असेल रस्त्यावर. … तुमचं झालं नाही, कळतंय मला. … नाही, उद्या करा. … नाही एजे, आधी तुम्ही नाही. … माझं झालंय. मी ठेवते."

आणि तिनं ठेवला. सून झाल्यापासून या घरात एजेचा फोन एजेच ठेवत आली होती. पलीकडून तुटला की मगच अनिपा कानावरचा खाली घ्यायची. आज तिनं बटण दाबलं, त्यावर कणकेचा एक अंगठा उमटला, आणि तो पुसायला ती थांबली नाही. तिनं दुसरा फोन उचलला.

"हॅलो, कारलिगाच टॅक्सी. बोला… कुठं पाठवू गाडी?"